कार्टूनच्या डिस्क: मोजणीची चौथी नोंद

या खेपेला नवं काही घ्यायचं नाही, शेल्फवर आहे तेच नीट मोजायचं, असं ठरवून दोन महिने झाले. मुलांच्या अ‍ॅनिमेशन मालिकांचे माझ्याकडे ३४ संच आहेत. त्यातले २१ तपासून झाले. तपासून म्हणजे मेन्यूतली नावं वाचून नव्हे. प्रत्येक भागाची सुरुवात, मधला तुकडा आणि शेवटची नामावली पाहायची, लांबी मिनिट-सेकंदांत वहीत लिहायची आणि ती टीव्हीवरच्या प्रक्षेपणाच्या यादीशी ताडायची.

२१ पैकी १३ संच पूर्ण निघाले. उरलेल्या आठांपैकी तिघांत भाग गहाळ आहेत, दोन मालिकांचे पुढचे खंड डिस्कवर आलेच नाहीत, दोन संचांतली एकेक डिस्क वाचली जात नाही आणि एकात ओळखीचं गाणं काढून तिथे दुसरंच संगीत भरलंय. पेटीवर ‘संपूर्ण’ लिहिलेलं असलं तरी भाग मोजल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही, हे मला या दोन महिन्यांत पक्कं कळलं.

गहाळ भागांतलं सगळ्यात ठळक उदाहरण ‘स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स’चं. १ मे १९९९ ला ही मालिका ज्या भागाने सुरू झाली, तो ‘हेल्प वाँटेड’ पहिल्या सीझनच्या २००३ च्या डीव्हीडी संचात नाहीच. त्यात टायनी टिम या गायकाचं एक गाणं आहे आणि अडलं ते त्या गाण्याच्या हक्कांपाशी. पुढे २००५ मध्ये तिसऱ्या सीझनच्या संचात तो जादा भाग म्हणून आला. म्हणजे मालिका पहिल्यापासून बघायची तर आधी तिसऱ्या सीझनची पेटी उघडायची. वहीत मी तो तिसऱ्याच्या पानावर लिहून पहिल्याकडे बाण काढलाय, आणि पहिल्या पेटीच्या आत एक चिठ्ठी ठेवलीय, कुठे शोधायचा त्याची. भाचीला पहिल्या सीझनचा संच दिला तेव्हा तिने विचारलेला पहिला प्रश्न ‘हा स्पंजबॉब हॉटेलात कामाला लागला कधी?’ असाच होता, आणि नेमकं तेच त्या भागात आहे.

हक्कांची अडचण एखाद्या भागापुरती असली तर निभतं. १९८४ च्या ‘मपेट बेबीज’मध्ये खऱ्या चित्रपटांचे तुकडे जागोजागी पेरलेत. त्या प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा, त्यामुळे मालिकेचा अख्खा संच निघालेलाच नाही. माझ्या यादीत तिच्यापुढचा रकाना मी रिकामाच ठेवलाय, खोडला मात्र नाही.

आता खंडांविषयी थोडं सविस्तर, कारण नव्याने जमवायला लागलेले इथेच फसतात. ‘डकटेल्स’चे भाग १००. २००५, २००६ आणि २००७ असे ओळीने तीन खंड आले, ७५ भाग झाले आणि पुढे सगळं शांत. शेवटचे २५ भाग डिस्कवर यायला २०१८ उजाडलं. ‘अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स’चंही तसंच: ९९ पैकी ७५ भाग २००६-०७ मध्ये, उरलेले २४ थेट २०१३ मध्ये. पहिला खंड हौसेने घेणारे खूप असतात, तिसऱ्यापर्यंत गर्दी ओसरते आणि चौथ्याचा हिशेब प्रकाशकाला जुळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की जुन्या मालिकेचा शेवटचा खंड आधी शोधा. पहिला कुठेही सापडतो, शेवटच्याच्या प्रती कमी निघालेल्या असतात. मी स्वतः पहिल्यापासून घेत गेले आणि चौथ्या खंडासाठी तीन वर्षं थांबले.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘इन्फिनिटी ट्रेन’ ही मालिका तिच्या स्ट्रीमिंग सेवेवरून उतरवली गेली तेव्हा डिस्क न जमवणाऱ्या माझ्या मैत्रिणीही हळहळल्या. चार पर्वं, प्रत्येकी दहा भाग. डीव्हीडी निघाल्या त्या पहिल्या दोन पर्वांच्याच. माझ्या शेल्फवर ४० पैकी २० भाग आहेत आणि शेजारी दोन डब्यांची जागा मी मोकळी ठेवलीय. ती जागा दिसली की दर वेळी वाईट वाटतं. कुणीतरी चित्रं काढून, आवाज देऊन, वर्षानुवर्षं राबून केलेलं काम असं अर्ध्यावर तुटू नये.

चित्राच्या दर्जाचीही तपासणी चालू आहे. ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरीज’ १९९२ ची, फिल्मवर चित्रित झालेली. त्यामुळे २०१८ च्या ब्लू-रेसाठी, म्हणजे डीव्हीडीपेक्षा जास्त बारकावे दाखवणाऱ्या डिस्कसाठी, मूळ फिल्मकडे परत जाता आलं. या मालिकेची पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवलेली आहे. रात्रीचं शहर असलेली एक फ्रेम थांबवली आणि पडद्याजवळ जाऊन पाहिलं. डीव्हीडीवर जिथे नुसता काळा ठिपका होता तिथे इमारतीची कड दिसते, कडेवर फिकट रंगाचा कोरडा फटकारा दिसतो आणि त्या सगळ्यावर फिल्मचा बारीक रवा हलताना दिसतो. दहा मिनिटं मी तीच फ्रेम बघत होते.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’चं तसं नाही. २००५ ते २००८ मधले हे ६१ भाग तयारच साध्या रेझोल्युशनमध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या २०१८ च्या ब्लू-रेवर तेच चित्र मोठं केलेलं आहे. तरी तो संच मी ठेवणार आहे, कारण वेगवान मारामारीत डीव्हीडीवर कंगव्याच्या दातांसारख्या ज्या आडव्या रेघा दिसायच्या, त्या माझ्या डोळ्यांना इथे खुपत नाहीत. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’च्या संचाबद्दल एवढंच की ४० च्या ४० भागांवर निर्मात्यांची कॉमेंटरी आहे आणि असा संच मिळाला तर सोडू नये.

लांबी लिहिण्याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. एका पाल पद्धतीच्या, म्हणजे भारत-युरोपातल्या टीव्हीसाठीच्या, संचातले सगळे भाग यादीपेक्षा सुमारे ५३ सेकंदांनी कमी भरत होते. दृश्यं कापलीत असं वाटून मी बराच वेळ शोधत बसले. कापलेलं काहीच नव्हतं. सेकंदाला २४ फ्रेमचं चित्रण पाल डिस्कवर २५ ने धावतं, म्हणून २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपतो. आवाजही सोबत चढतो. शीर्षकगीत हार्मोनियमवर वाजवून पाहिलं: पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या जवळ पोचलं होतं. लहानपणापासून कानात बसलेली धून अशी किंचित चढी ऐकली की काहीतरी चुकतंय एवढंच कळतं, काय ते सांगता येत नाही. आता वहीत प्रत्येक संचापुढे पाल की एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) हेही लिहिते.

वेगवेगळ्या रीजनच्या, म्हणजे जगाच्या वेगवेगळ्या भागांसाठी काढलेल्या, डिस्क कॉम्प्युटरवर तपासणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: बहुतेक डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो. मी चौथ्यावर आहे. म्हणून एका रीजनचे सगळे संच आधी संपवतेय.

न वाचल्या जाणाऱ्या दोन डिस्कविषयी. पहिली कारखान्यात छापलेली. दिव्यासमोर धरली तर बाहेरच्या कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रं चमकतात. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या. मधला डिंक सुटला आणि हवा शिरली की परावर्तक थर गंजायला लागतो. दुसरी मागणीनुसार बनवून दिलेली, खालून जांभळट दिसणारी. त्यात माहिती छापलेली नसते, रंगद्रव्यावर लेसरने लिहिलेली असते आणि ते रंगद्रव्य उन्हाने, उष्णतेने फिकं पडतं. खिडकीजवळचा तो कप्पा मी रिकामा केला. जांभळ्या तळाच्या सगळ्या डिस्क आता बंद कपाटात उभ्या ठेवल्यात.

काल २२वा संच तपासायला घेतला. पहिल्या डिस्कवर आठ भाग हवेत, मेन्यूत सातच होते. गहाळच्या रकान्यात नोंद करणार होते, पण सवयीने ‘सगळे भाग सलग’ लावून स्वयंपाकघरात गेले. तिसरा संपल्यावर अनोळखी संवाद ऐकू आले म्हणून बाहेर आले, तर आठवा तिथे, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. मेन्यूत त्याचं बटण करायचं राहून गेलं असावं. लांबी २२ मिनिटं ४ सेकंद. पूर्ण झालेले संच आता १४ होतील असं दिसतंय. या संचातल्या अजून तीन डिस्क बाकी आहेत.