अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी

शनिवार, रात्री पावणेबारा

सकाळपासून काय काय झालं ते आत्ताच लिहून ठेवते, उद्या अर्धं विसरेन.

नवीन लॅपटॉप येऊन नऊ दिवस झाले. जुना गेल्या नोव्हेंबरात स्वारगेटला गेला, वाईच्या गाडीची वाट बघत उभी होते, पाण्याची बाटली घ्यायला वळले आणि बाकावरची बॅग गायब. चौकीत सिरीयल नंबर विचारला, तो मला सांगता आला नाही कारण खोका कधीच रद्दीत गेलेला. त्या लॅपटॉपवर आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, दोन उन्हाळे बसून रेकॉर्ड केलेल्या, आणि आजी आता नाही. शिवाय आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं सगळं तसंच उघडं. पासवर्ड होता हो, पण नंतर कळलं की नुसता विंडोजचा पासवर्ड म्हणजे दाराला कडी आणि खिडकी उघडी. आतली एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं, ती जर एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली, नसेल तर. माझी नव्हती.

म्हणून या वेळी ठरवलेलं की चोरी झाली तरी चोराच्या हाती नुसता पत्रा लागला पाहिजे. आज सुट्टी होती, सकाळी चहा घेऊन बसले, चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरले आणि सिक्युरिटीच्या पानावर जे जे दिसेल ते वाचत गेले.

पहिलं सुपरवायझर पासवर्ड, या बायोसच्या सेटिंग्ज दुसऱ्या कुणी बदलू नयेत म्हणून असतो तो, तो ठेवला. हा साधासुधा पासवर्ड नाही, काही मॉडेलांत तो विसरलात तर थेट मदरबोर्ड बदलायची वेळ येते. मग ॲब्सोल्यूट नावाचा ऑप्शन, चोरीला गेलेला लॅपटॉप शोधायची सोय, याचंच जुनं नाव कॉम्प्युट्रेस. हे फर्मवेअरमध्येच, म्हणजे मशीनच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बसवलेलं असतं त्यामुळे विंडोज पुसून नव्याने टाकलं तरी ते टिकून राहतं, पण त्यांची सेवा विकत घेतल्याशिवाय नुसतं चालू ठेवून काही होत नाही. तिथे तीन पर्याय होते, चालू, बंद आणि कायमचं बंद. हा कायमचं बंद खरोखर कायमचा असतो, एकदा निवडला की परत फिरता येत नाही. मी हातच लावला नाही, होतं तसं ठेवलं.

इथपर्यंत ठीक होतं. मग मला वाटलं की चोराने पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करू नये, म्हणून बूटच्या पानावर यूएसबी बंद केलं, आणि त्याच झपाट्यात शेजारचं सिक्युअर बूटसुद्धा (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) बंद केलं, मला वाटलं तेही त्यातलंच काहीतरी असेल. सेव्ह केलं, रिस्टार्ट झाला.

निळा स्क्रीन. बिटलॉकर रिकव्हरी. या ड्राइव्हची रिकव्हरी की टाका, अठ्ठेचाळीस आकडे. खाली की आयडी म्हणून आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ.

बिटलॉकर म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय, आणि मी ती कधी चालूच केली नव्हती! निदान मला तसं वाटत होतं. मोबाइलवर वाचलं तेव्हा कळलं की हल्ली नव्या विंडोज ११ च्या मशीनवर, २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर जास्तच, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा सेटअप केला की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीवरसुद्धा, आणि चावी त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. म्हटलं चला, सुटलो. मोबाइलवरून माझं अकाउंट उघडलं, रिकव्हरी कीच्या पानावर गेले. तिथे एकही की नव्हती.

पोटात गोळा आला. नऊ दिवसांत या लॅपटॉपवर दोन मोठ्या अनुवादांची कामं झालेली, एकाचा बॅकअप नव्हता. आणि तेव्हा आठवलं, दुकानातला मुलगा म्हणाला होता, मॅडम थांबा, पाच मिनिटांत चालू करून देतो. त्याने कुठल्यातरी मेल आयडीने चालू करून दिला, पिन एक दोन तीन चार, तो मी घरी येऊन बदलला. लॉगिनला माझं नाव न येता नुसतं यूजर असं यायचं, मी लक्षच दिलं नाही. म्हणजे माझ्या घराची चावी नऊ दिवस त्या दुकानाच्या कपाटात आणि मला पत्ता नाही. दुकानात फोन केला तर तो मुलगा गावाला गेलेला, दुसरे म्हणाले सोमवारी बघू, किंवा आणून द्या, फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट! फोन ठेवला.

मग आमच्या ऑफिसातल्या सिस्टीमवाल्या दादांना फोन लावला. सुट्टीच्या दिवशी फोन केला म्हणून आधी माफी मागितली. त्यांनी एकच विचारलं, मॅडम, हे यायच्या आधी शेवटचं काय बदललंत? सांगितलं. म्हणाले, काही टाकू नका, काही फॉरमॅट करू नका, बायोसमध्ये जा आणि जे बदललंत ते होतं तसं करा.

केलं. सिक्युअर बूट परत चालू. रिस्टार्ट. आणि नेहमीसारखं सरळ विंडोज उघडलं. मी खुर्चीतच दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

दादांनी नंतर समजावलं ते फार आवडलं. ड्राइव्ह उघडायची चावी टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. दर वेळी मशीन सुरू होताना बूटच्या प्रत्येक पायरीचं माप त्या चिपमध्ये नोंदलं जातं आणि माप कालच्यासारखंच असेल तरच चावी बाहेर येते. सिक्युअर बूट बंद केलं की माप बदलतं. तिच्या लेखी कुणीतरी मशीनशी खेळलंय, आता खऱ्या मालकाने अठ्ठेचाळीस आकडे सांगावेत. मी मालकीण आहे हे त्या चिपला कसं कळणार, तिने तिचं काम चोख केलं.

रविवार, दुपार

आज सगळं मुळापासून नीट केलं. सेटिंग्जमध्ये माझं स्वतःचं अकाउंट जोडलं, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर केलं, त्यातून लॉगिन केलं, दुकानाचं काढून टाकलं. पण तेवढ्याने भागत नाही, कारण जुनी चावी त्यांच्या अकाउंटमध्ये तशीच राहते. म्हणून डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद केलं, ड्राइव्ह उलगडायला वेळ लागला तेवढ्यात वरण-भात लावला, भाजी केली, आणि मग परत चालू केलं म्हणजे चावी नवी तयार झाली. मोबाइलवर माझ्या अकाउंटमध्ये बघितलं, आली! तरी खात्री म्हणून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून मॅनेज-बीडीई या कमांडने की आयडी काढला आणि पहिली आठ अक्षरं जुळवली.

फाइंड माय डिव्हाइस, म्हणजे हरवलेला लॅपटॉप कुठे आहे ते दाखवणारी विंडोजची सोय, तीही आता माझ्या नावावर चालू आहे. त्यातून फार अपेक्षा नाही, माझ्या लॅपटॉपमध्ये जीपीएस नाही, आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज लागतो आणि तोही चोराने मशीन नेटला जोडलं तर. पण असू दे. सिरीयल नंबर वहीत लिहिला, खोका या वेळी माळ्यावर.

आता चावी कागदावर हवी, आणि तो कागद या घरात नको, लॅपटॉपच्या बॅगेत तर नकोच नको. वाईला बाबांची लोखंडी पेटी आहे, सातबारे, विम्याचे कागद, आजोबांची पेन्शनबुकं सगळं त्यात. संध्याकाळी बाबांना फोन करणार.

रविवार, रात्री

बाबांना म्हटलं व्हॉट्सॲपवर फोटो नको, मी सांगते तुम्ही लिहून घ्या. आठ गट, प्रत्येकात सहा आकडे. मी एकेक आकडा सांगत गेले, एकोणऐंशी-एकोणनव्वद असलं काही नको म्हणून. बाबा मराठी आकड्यांत लिहितात, त्यांचा ४ घाईत वाचला तर इंग्रजी आठ वाटतो, म्हणून कागदावर वरती मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं की आकडे मराठी आहेत.

मग मी त्यांना वाचलेली एक गोष्ट सांगितली, की या चावीचा प्रत्येक गट ११ ने भागला जातो, मुद्दाम तसाच बनवतात म्हणजे लिहिताना चूक झाली तर सापडते. बाबा एकदम सरसावले, बत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलंय. म्हणाले, अगं मग अकराची कसोटी लावू की! विषम स्थानांची बेरीज, सम स्थानांची बेरीज, फरक शून्य किंवा अकराच्या पटीत. माझ्या चावीतला नाही, असाच एक गट घेते, ४०७६३८, यात चार सात तीन चौदा, शून्य सहा आठ चौदा, फरक शून्य, बरोबर. आता सहा आणि तीनची अदलाबदल होऊन ४०७३६८ झालं तर सतरा आणि अकरा, फरक सहा, चूक. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले, दोन्ही पकडलं जातं.

फोन ठेवला, वीस मिनिटांनी त्यांचाच फोन. "पाचव्या गटाला अकराने भाग जात नाही, परत सांग." परत सांगितला. खरंच, मीच दोन आकडे उलटे सांगितले होते. लगेच तोंडी करून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता जातोय." मागून आई विचारत होती इतक्या रात्री कसला भागाकार चाललाय.

कागद पेटीत गेला, सातबाऱ्याच्या फाइलमध्ये. सुपरवायझर पासवर्डपण त्याच कागदावर आहे आणि पेटीची किल्ली कुठे असते ते आईलाही माहिती आहे.

पुढच्या रविवारी वाईला जायचंय. मावशीच्या जुन्या फोनमध्ये मी कधीतरी पाठवलेल्या आजीच्या तीन ओव्या आहेत असं ती म्हणते, त्या या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घेईन.