तानपुऱ्याखालचा परका सूर

शनिवार, रात्री पावणेबारा

आज टीव्हीमागची केबलवाल्याची वायर उपसली आणि तीन आठवडे स्पीकरमधून घरात घुमत असलेला हम, म्हणजे तो सलग हुंकार, त्याच क्षणी गेला. अंगावर काटा आला. रेकॉर्ड फिरत नव्हती, सुई वरच होती, अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, आवाज निम्म्यावर होता आणि स्पीकरमधून काहीही येत नव्हतं.

तीन आठवड्यांत माझी चूक एकच झाली. दुखणी दोन होती, मी ती एक धरून चाललो होतो.

सुरुवात कार्ट्रिजपासून, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या आर्मच्या टोकाला बसणाऱ्या सुईच्या डबीपासून, झाली. बाबांच्या रेकॉर्ड पोटमाळ्यावरून खाली काढल्या. इतकी वर्षं एकावर एक रचलेल्या, वर स्लॅबचा ताप, त्यामुळे बऱ्याच वाकल्यात. टेक्निक्सच्या एसएल-१२०० या माझ्या रेकॉर्ड प्लेअरवर मी हौसेनं एक जुनी, फार मऊ सुईची कार्ट्रिज चढवली होती. वाकलेली रेकॉर्ड लावली की वूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचे, पडदे श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर व्हायचे, आर्म थरथरायचा, मध्येच सुई उडायची. त्यात हा हम. साहजिकच सगळा संशय कार्ट्रिजवर गेला. फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण आवाज अँपसाठी वाढवणारा डबा, खालचे स्वर मुद्दाम उचलतो. हजार हर्ट्‌झच्या मानानं ५० हर्ट्‌झला जवळजवळ सातपट. म्हणजे कार्ट्रिजच्या वायरीत विजेचा एवढासा अंश शिरला तरी तो ढोलासारखा वाजणार, असं मी धरून चाललो.

हिशेब आधीच करायला हवा होता. आर्मचं प्रभावी वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करायची, तिला सुईच्या कंप्लायन्सनं, म्हणजे लवचीकतेनं गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्यानं भागायचं. उत्तर ८ ते १२ हर्ट्‌झमध्ये आलं तर जोडी जमली. आर्म १२, कार्ट्रिज ६, स्क्रूंचा अर्धा ग्रॅम, कंप्लायन्स ३५. उत्तर आलं ६.२. वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे साधारण याच्याच आसपास आणि खाली असतात, म्हणजे प्रत्येक हेलकाव्याला आर्म झोका घेणार. उलट उत्तर फार वर गेलं तर खर्जाच्या स्वरांना धक्का लागतो. ऑर्टोफॉनची टू-एम रेड याच आर्मवर लावून पाहिली. वजन ७.२, कंप्लायन्स २०, म्हणजे बरोबर ८. वूफर शांत झाले, वाकडी रेकॉर्डही सरळ वाजली. (जपानी कार्ट्रिजच्या कागदावरचा कंप्लायन्सचा आकडा बहुधा १०० हर्ट्‌झचा असतो. तो अंदाजे दुप्पट केल्याशिवाय या हिशेबात घालू नये. डेनॉनची डीएल-१०३ कागदावर ५ दाखवते. त्या ५ वर हिशेब केला तर ती या आर्मला नको असं वाटेल, दुप्पट धरलं की ११ येतात.)

हम मात्र जिथल्या तिथे.

आणि तो काय आहे हे बाबांनी आधी ओळखलं. तरुणपणी काही वर्षं ते गाणं शिकले होते. काळी एकमधला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गायलेला, एक ख्याल लावला होता. आलाप सुरू व्हायच्या आधी, नुसता तानपुरा चालू असताना ते म्हणाले, "अरे, तानपुऱ्याच्या खाली कुणीतरी रिषभ धरून बसलंय. कोमलही नाही, शुद्धही नाही."

मला खोटं वाटलं. मग कागद घेतला. आपली वीज ५० हर्ट्‌झची, तिच्यामागून १०० आणि १५० येतात. काळी एकचा मधला षड्ज साधारण १३८.६. त्यावर १५० म्हणजे कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये कुठेतरी पडणारा सूर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कान! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. षड्ज-पंचमाची ती सगळी मांडणी, आणि खाली आमच्या घरातली वीज बेसूर गात होती.

आज मग रीतीनं शोधलं. दोन आरसीए प्लगना आतली पिन आणि बाहेरची कडी जोडून डाग दिला आणि ते प्रीअँपच्या इनपुटला लावले, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरकडून आत काहीच येणार नाही. हम तसाच. म्हणजे कार्ट्रिज, आर्म, अर्थिंगची हिरवी वायर, सगळे निर्दोष. प्रीअँप तीन पिनांचा, तो भिंतीतल्या अर्थिंगला जातो. अँपला टीव्हीचा आवाज जोडलेला, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्सच्या केबलची बाहेरची तारेची जाळी गच्चीवर जाऊन कुठेतरी वेगळ्याच अर्थिंगला टेकते. दोन अर्थिंग, मध्ये माझी प्रीअँप-अँपची वायर, आणि तिच्या जाळीतून वाहणारा चोरटा प्रवाह.

मागच्या आठवड्यात वायरमन म्हणाला होता, "साहेब, अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जाईल." जाईलही. पण उद्या आत वायर सुटली तर पत्र्याच्या डब्यात वीज उतरेल, आणि त्याला हात माझा किंवा बाबांचाच लागणार. पिन मी काढणार नाही. सोमवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन केबलच्या वाटेत बसून दोन अर्थिंगमधला जोड तोडणारा आयसोलेटर आणतो. तोवर टीव्हीचा आवाज त्याच्याच स्पीकरवर.

बाबा मघाशी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तानपुरा सुरू झाला, मी त्यांच्याकडेच बघत होतो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेला." रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, "दुसरी बाजू लाव."

पावणेबारा वाजून गेलेत. आवाज कमी करून लावतो.