पाऊस यायच्या आधी पाणी मारून पाहिलं

रविवार, रात्री

आज राहण्यासाठी म्हणून पाचवी जुनी गाडी पाहिली. पहिल्यांदाच आतून बाहेर यावंसं वाटेना. मागच्या खिडकीपाशी बसून राहिले आणि मनातल्या मनात डबे लावून झाले.

सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हापासून सगळा जिना एकच विषय बोलतोय. सदाशिव पेठेतलं घर जुलैअखेर रिकामं करायचं, बिल्डर तीन वर्षं भाडं देणार. कुणी वारज्याला घर बघतंय, कुणी सिंहगड रोडला. एका रात्री जेवताना हे म्हणाले, "तीन वर्षं परक्या भिंतींत काढायची, त्यापेक्षा गाडीत राहू. देश बघू." लेक बंगळूरला, माझी बँक सुटून दोन वर्षं झालेली. मी हो म्हटलं. आवाज कापरा होता, पण हो मनापासूनचं होतं.

नवी बांधून घेणं आवाक्यात नाही, म्हणून जुनी. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली मिळाली तर बरं, सुटे भाग नाना पेठेत सहज मिळतात. हडपसरची गाडी आतून इतकी देखणी होती की मी भुललेच होते. पण आरसीत, म्हणजे नोंदणीच्या कागदात, ती अजून सतरा आसनी प्रवासी गाडीच! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ साधं आहे: आरसीत नोंदलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करायचा नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवणार. ती सोडली.

आजच्या गाडीच्या आरसीत स्वच्छ 'कॅम्पर व्हॅन', म्हणजे राहण्याची गाडी, असं लिहिलंय. पांढरी पाटी, एमएच-१२, बँकेचा बोजा नाही. नोंदणी २०१६ ची, म्हणजे २०३१ पर्यंत काळजी नाही. पुढेही तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि त्यावर तळहात धरला. धूर नाही. मग दिवे घाट चढून सासवडपर्यंत नेली. इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. ह्यांचा चेहरा लग्न जमल्यासारखा. टायरची नक्षी भरपूर दिसत होती, पण मिस्त्रींनी बाजूचा आकडा दाखवला: १८१७. म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. "वहिनी, रबर उभ्याउभ्या पण म्हातारं होतं." टायरचे पैसे किमतीतून कमी करायला सांगायचे.

आणि मग मी पलंगाखालचं कपाट उघडलं. तो वास.

शनिवार पेठेतल्या वाड्यात माझं बालपण गेलं. श्रावणात रात्री वडील उठून बादल्या सरकवायचे. सकाळी ते कौलांवर चढायचे आणि डाग जिथे असेल तिथून दोन हात वरचं कौल उचलायचे. ओल दिसते एकीकडे, पाणी शिरतं दुसरीकडे, हे मला तेव्हापासून माहीत. खिडकीखालच्या प्लायवर अंगठा दाबला तर चहात बुडवलेल्या खारीसारखा आत गेला. मालक म्हणाला, "काकू, कधीतरी खिडकी उघडी राहिली असेल." असेलही. पण इंजिन बिघडलं तर ते उतरवून नीट करणारे हात पुण्यात गल्लोगल्ली आहेत. भिंतीच्या आत कुजत गेलेलं लाकूड वर्षभर कुणाला कळतसुद्धा नाही. तिथेच तर मी झोपणार आहे.

बुधवार

सातारा रोडच्या वॉशिंग सेंटरवर गाडी नेली. मालक तयार झाला, हे त्याचं चांगलं. फरशीवर, पलंगावर, प्रत्येक कपाटात जुनी वर्तमानपत्रं पसरली. तिथल्या पाणी मारणाऱ्या मुलाला सांगितलं, जोराचा फवारा नको, पावसासारखं पडू दे, आधी समोरून, मग टपावर. मी आत टॉर्च घेऊन बसले. दारं बंद, उकाडा असह्य, पत्र्यावर पाण्याचा तो आवाज! इतका ओळखीचा की घशाशी आलं काहीतरी.

दहा-अकरा मिनिटांनी छताच्या पंख्याजवळच्या एका स्क्रूवर थेंब धरला. पडला नाही. फुगला, लोंबला आणि छताच्या प्लायला चिकटून मागच्या कोपऱ्याकडे सरकू लागला. मी टॉर्च त्याच्यामागे नेत गेले. तीन फुटांवर कपाटाच्या कडेपाशी गेला आणि आत टपकला. कागदावर काळा ठिपका. खिडकीचा काही दोष नव्हताच.

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं गाडी हातची गेली. हे म्हणाले, "अगं, पाणी कुठून येतं ते कळलं, म्हणजे निम्मं काम झालं." पंख्याभोवतीचं जुनं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, वाळून तडकलंय. ते पूर्ण खरवडून नवीन भरायचं आणि कुजलेला प्लाय बदलायचा. मालकाने साडेनऊ लाख सांगितले होते, टायर आणि हे काम धरून आठ लाख दहा हजारांवर आला. पैसे पुन्हा पाणी मारून पाहिल्यावर द्यायचे, हे मी लिहून घेतलं.

रात्री ह्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. बॅटरी १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्ट, कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड असल्याने निम्मेच वापरायचे. फ्रीज, पंखा, दिवे, फोन. मिक्सर अधूनमधून. पाटा घेऊ का, असं विचारलं तर म्हणाले, वजन बघ. पाण्याची टाकी भरली की तिथेच शंभर किलो होतात. पाटा लेकीकडे. देव मात्र येतील. त्यांच्यासाठी सिंकवरचा कप्पा ठरला आहे, तिथे ऊन येतं.

शनिवार

नवीन सीलंट तीन दिवस वाळू दिलं. आज पुन्हा तेच वॉशिंग सेंटर, तीच वर्तमानपत्रं नव्याने पसरलेली. या वेळी अर्धा तास पाणी. पंख्याचे सगळे स्क्रू बोटाने चाचपले, कोरडे. कपाटातले कागद एकेक करून उचलले, उजेडात धरले. सगळे कोरडे, फक्त सिंकवरच्या कप्प्यातला एक कागद कडेला रुपयाएवढा ओला. तिथे पेन्सिलने खूण केली आहे. सोमवारी मिस्त्री तेवढी तिथल्या खिडकीची पट्टी बदलतील. मग पुन्हा पाणी, आणि मग चेक.