रोजच्या वाक्यांतून इंग्रजी : माझा अनुभव

तारकर्लीला आमच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. बेंगळुरू, केरळ किंवा परदेशातलं कुणी आलं की पानात वाढण्यापासून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीपर्यंत सगळं इंग्रजीतून सांगावं लागतं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. वाचता येत होतं, पण बोलायची सवय कधी लागलीच नव्हती.

शब्द पाठ करून काही उपयोग होईना. कॉलेजात शिकणारी भाची म्हणाली, "मावशी, तू दिवसभर जे बोलतेस तेच मराठीत लिही. त्याचं इंग्रजी मी सांगते." मग वही केली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, तेही देवनागरीत. रात्री भांडी आवरली की मोठ्याने वाचायचं.

'ब्रेकफास्ट इज ॲट एट.' 'द फिशिंग बॅन स्टार्ट्स ऑन द फर्स्ट ऑफ जून.' 'इट रेन्स अ लॉट इन जुलै.' घड्याळातल्या वेळेला ॲट, तारखेला ऑन, महिन्याला इन. हा नियम मी वेगळा पाठ केला नाही, वाक्यांबरोबरच तो आला. भूतकाळ तर आपल्यापेक्षा सोपा वाटला. आपण भात केला, आमटी केली, वडे केले म्हणतो. तिथे सगळ्याला 'आय मेड'. फक्त प्रश्न विचारताना 'डिड यू लाईक द फिश?' म्हणायचं. डिड आलं की पुढे लाईक्ड होत नाही.

सिन्स आणि फॉर कोकण रेल्वेने शिकवलं. 'द ट्रेन हॅज रन ऑन द होल लाईन सिन्स 1998.' सुरुवात सांगायची तर सिन्स, किती वर्षं ते सांगायचं तर फॉर.

सगळ्यात जास्त दिवस लागले ते 'अ' आणि 'द' यांना. सिंधुदुर्ग किल्ल्याची माहिती सांगता सांगता ते सुटलं. महाराजांनी 1664 साली किल्ल्याचं काम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं. 'देअर इज अ टेम्पल इन द फोर्ट. राजाराम महाराज बिल्ट द टेम्पल.' पहिल्यांदा सांगताना 'एक देऊळ', म्हणून अ. मग पाहुण्यांना कळलं कुठलं ते, म्हणून द. मराठीत 'एक' आणि 'ते' कुठे बसतं हे मनात म्हणून पाहिलं की बहुतेक वेळा जमतं. माझ्यासारख्या घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायांनी ही युक्ती नक्की करून पाहावी. सरावाची वाक्यं मात्र आपल्या कामातलीच हवीत. दुसऱ्यांच्या पुस्तकातली ऐन वेळी आठवत नाहीत.

आता फोनवरच्या बुकिंगची वाक्यं लिहायला घेतली आहेत. 'हाऊ मेनी पीपल?' 'व्हॉट टाईम विल यू रीच कुडाळ?' फोनवर हातवारे करता येत नाहीत, म्हणून भाची आतल्या खोलीतून मला फोन लावते आणि मी पडवीतून इंग्रजीत उत्तरं देते.