आमची वाटचाल: उजेड कमी करण्याचा धंदा

आमच्या दुकानावर अजूनही ‘ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करून मिळेल’ हीच पाटी आहे. वडिलांनी लावलेली. उतरवायला मन होत नाही आणि रंगवायचा कंटाळा. नारायण पेठेतल्या वाड्यात माडीवरची एक खोली, तिथे मी आणि माझा मावसभाऊ. एरवी चार्जर, स्टॅबिलायझर यांची दुरुस्ती आणि गणपतीच्या आधी दोन महिने मंडळांच्या हलत्या देखाव्यांच्या मोटरी. राक्षसाचा हात वर अडकला की रात्री अकराला फोन.

छोट्या आगगाड्यांचं काम आलं तेही गणपतीतच. कोथरूडचे एक निवृत्त इंजिनियर काका घरच्या गणपतीपुढे खंडाळ्याचा घाट करायचे, बोगद्यासकट. एका संध्याकाळी स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून त्यांनी रेल्वेचा डबा आणला. छप्पर मधोमध बसलेलं. मी म्हटलं, “काका, खेळणं आहे, नवीन घ्या.” त्यावर शांतपणे म्हणाले, “खेळणं नाही, मॉडेल. एक-सत्त्याऐंशी प्रमाणाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान.” तेव्हापासून दुकानात ‘खेळणं’ हा शब्द बंद.

आत गव्हाच्या दाण्याएवढे 12 व्होल्टचे दोन बल्ब होते, प्रत्येकी 60 मिलिअँपिअर खाणारे. एक बल्ब म्हणजे पाऊण वॅटसुद्धा नाही, पण बंद प्लास्टिकच्या डब्यात तासन्‌तास पेटला की छप्पर मऊ होणारच. शिवाय सहा डब्यांचे बारा बल्ब मिळून 720 मिलिअँपिअर, आणि रुळांना वीज देणारा काकांचा कंट्रोलर इंजिनासकट सगळा मिळून एक अँपिअरचा. घाटात इंजिन धापा का टाकतं, ते तिथेच कळलं.

सोपं वाटलं. तापकीर गल्लीतून पांढरे एलईडी आणले, प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टन्स लावला. बारा व्होल्टमधून एलईडीचे तीन गेले, उरले नऊ, म्हणजे नऊ मिलिअँपिअर. हिशोब चोख. काकांनी डबा रुळावर ठेवला, बघितला आणि म्हणाले, “ही पॅसेंजर आहे की दवाखाना?”

आमचा खरा धंदा त्या वाक्यापासून सुरू झाला असं मी मानतो. आम्ही आयुष्यभर माळा आणि झोत करणारी माणसं. दिवा लावायचा तो लांबून दिसावा म्हणून. इथे उलटं. खिडकीतून पिवळसर, थोडा मळकट उजेड यायला हवा, जुन्या डब्यात चाळीस वॅटच्या बल्बखाली पेपर वाचावा तसा. मग वॉर्म व्हाइट एलईडी घेतले, रेझिस्टन्स एकाचा दहा किलोओहम केला, पुढेपुढे प्रत्येक डब्यात प्रीसेट बसवला, म्हणजे स्क्रू फिरवून ज्याचा त्यानं उजेड ठरवावा. जवळजवळ सगळेच तो खालीच फिरवतात.

तयार पट्टी का वापरत नाही, असं बरेच जण विचारतात. बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे नऊएक व्होल्टच्या खाली ती पेटतच नाही. साध्या डीसी गाडीत रुळावरचा व्होल्टेज म्हणजेच वेग. गाडी हळू केली की डबे काळोखात. एकेक एलईडी सुटा जोडला तर चार-साडेचार व्होल्टपासून जीव धरतो.

इंजिनाच्या दिव्याला लागतो तो एलईडी 1.6 बाय 0.8 मिलिमीटरचा, तिळापेक्षाही बारीक. वाइंडिंगची सगळ्यात बारीक तार घ्यायची, टोकावरचं इनॅमल सोल्डरच्या थेंबात जाळायचं, श्वास धरून टेकवायचं. पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. मांडीवर पांढरा पंचा, कारण जमिनीवर पडलेला एलईडी आम्हाला आजवर एकदाही सापडलेला नाही. वडिलांच्या काळातली तार इथे कामाला येईल असं कुणाला वाटलं होतं!

चुका भरपूर केल्या. बल्बची तार तापलेली असते, क्षणभर करंट तुटला तरी ती चमकत राहते आणि रुळावरचा मळ झाकून जातो. एलईडी लगेच डोळे मिचकावतो. त्यावर करंटची दिशा एकच ठेवणारा ब्रिज रेक्टिफायर, 100 ओहम आणि क्षणभराची वीज साठवणारा 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हा उपाय, पण आता काम घेण्याआधी आम्ही विचारतो, “रूळ शेवटचे कधी पुसले होते?”

सगळ्यात महागात पडली एका गिऱ्हाइकाची जुनी मार्क्लिन, म्हणजे त्या जर्मन कंपनीची मॉडेल गाडी. ती एसीवर, 16 व्होल्टवर चालते. रेक्टिफायरनंतर एकवीसच्या आसपास व्होल्ट मिळतात, म्हणून आम्ही 25 व्होल्टचे कपॅसिटर लावून मोकळे झालो. दिशा बदलायला तीच गाडी 24 व्होल्टचा झटका मागते, हे डोक्यातच आलं नाही. झटक्याला कपॅसिटरवर बत्तीस-तेहतीस व्होल्ट. गृहस्थ अर्धा तास शंटिंग करत बसले आणि तीन डब्यांतले कपॅसिटर एकापाठोपाठ फुगले. पैसे परत केले, छपरं आतून पुसून दिली. आता 50 व्होल्टचेच बसवतो.

डिजिटल गाड्यांचं, म्हणजे ज्यांच्या इंजिनात हुकूम समजणारी चिप असते त्यांचं, काम त्या मानानं सरळ आहे. निळी तार सामायिक प्लस, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. एवढं पाळलं की झालं.

एकदा एकाच नावाची एलईडीची दोन रिळं दोन छटांची निघाली आणि अख्ख्या रेकमध्ये तीन डबे पिवळे, तीन गुलाबी. पुरवठादारानं हात वर केले. तेव्हापासून एका गाडीला एकच रीळ, आणि लॉट नंबर वहीत.

आमची बरीच गिऱ्हाइकं लहानपणी कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन बिघडलेली आहेत. ते 1998मध्ये उघडलं, त्यामुळे आता तेव्हाची मुलं मिळवती झाली आहेत. ती डेक्कन क्वीन मागतात, शेवटच्या डब्यावर लुकलुकणारा लाल दिवा मागतात. डब्यामागे 350 रुपये घेतो, लुकलुकीचे वेगळे.

सध्या टेबलावर निगडीच्या एकांचा स्लीपर डबा येऊन-जाऊन आहे. त्यांना रात्रीचा निळा दिवा हवा, बाकी सगळा अंधार, लोक झोपलेत म्हणून. दहा किलोओहमला म्हणाले, डिस्को वाटतो. बावीसला म्हणाले, कमी करा. तेहतीसलाही तेच. परवा 47 लावून पाठवला. अजून फोन आलेला नाही.