वासे मोजणे

कोणत्याही जुन्या घरात शिरले की माझी नजर आधी वर जाते आणि मी वासे मोजू लागते. इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या सिंगलटन गावी जुनी घरे आणून पुन्हा उभारलेले एक उघड्यावरचे संग्रहालय आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या ‘बेलीफ’ नावाच्या घरात (कोर्टाच्या बेलिफाशी त्याचा संबंध नाही) एका पावसाळी दुपारी मी अशीच मान वर करून उभी होते. घर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचे. मधले दालन थेट आढ्यापर्यंत मोकळे, त्याच्या मधोमध जमिनीवरच चूल आणि धुराडे मुळीच नाही. धुराने छपरातून वाट मिळेल तसे निघून जावे. खिडक्यांना काच नाही, लाकडी गज आणि झडपा तेवढ्या आहेत. दोन्ही टोकांच्या माडीवरच्या खोल्या मात्र खालच्या भिंतीच्या पुढे ऐटीत झुकलेल्या.

भिंत जवळून पाहिली आणि ओळख पटली. खांबांच्या मधल्या चौकटींत कामट्या विणून त्यांवर माती, गवत आणि शेण यांचा गिलावा, म्हणजे आपला कोकणातला कूडच! गिलाव्यातून एक काडी बाहेर आली होती. ती ओढण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

तिकडचे सुतार ओक ओला असतानाच तासत, कारण वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. मग जागेवर वाळताना लाकूड मनसोक्त वाकते, पिळवटते, आणि तरीही कुसू-खाचांचे सांधे लाकडी खुंट्यांच्या जोरावर धरून राहतात. घर फिरले की वासे फिरतात असे आपण म्हणतो. इथे वासे फिरले, घर जागचे हलले नाही. हलले ते 1968-69 मध्ये. केंटमधले त्याचे मूळ गाव चिडिंगस्टोन. तिथली ती जागा नव्या जलाशयाखाली जाणार म्हणून सांगाडा सुटा करून इकडे आणला गेला. अशी घरे तशी सुटी होण्यासाठीच जन्मलेली असतात. सुतार सगळा सांगाडा आपल्या आवारात आधी जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरत आणि मग तुकडे गाडीवर घालून जागेवर नेत.

लहानपणी आजोळी माजघरात उताणी पडून मी वासे मोजत असे, तेव्हा आजी दटावायची, “अगं, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत!” म्हणीचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली, तोवर हे काहीतरी अशुभ असावे अशा समजुतीने मी ओठ न हलवता मोजत राहिले. बेलीफमध्ये मी काही खाल्लेले नव्हते, तेव्हा तिथे मोजायला हरकत नव्हती.

आजोळचे घर उतरवले तेव्हा वासे बंबात गेले. त्यांवर कोणी आकडे घातले नव्हते. पडवीकडच्या पाख्याला ते बावीस होते की चोवीस, हे आता मला नक्की सांगता येत नाही.