काटा फिरतोय, गाडी जागची हलत नाही

विक्रोळीला सर्व्हिस रोडवरून कन्नमवार नगरकडे वळत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, थोडी रेस दिली आणि पुढून ‘खाड्’ असा आवाज आला. गाडी थांबली. इंजिन मात्र मजेत चालू. पुन्हा पहिला टाकला, क्लच सोडला, रेस वाढवली. इंजिन नुसतं बोंबललं, गाडी इंचभरही सरकेना. मागे बेस्टची बस, बसच्या मागे रिक्षांची रांग, आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर. शेवटी इंजिन बंद केलं. दोन रिक्षावाल्यांनी उतरून गाडी कडेला लावून दिली. गडबडीत गाडी पहिल्या गेअरमध्येच राहिली होती, तरी ती बिनबोभाट ढकलली गेली. एरवी गेअरमध्ये असलेली गाडी ढकलून बघा, घाम फुटतो.

मेकॅनिकच्या आधी फोन लावला तो अण्णांना. अण्णांनी उभी हयात काळी-पिवळी पद्मिनी चालवली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. अण्णांनी त्याच्या कितीतरी आधी टॅक्सीचालकाचा बॅज उतरवला, पण दुसऱ्याच्या गाडीचं दुखणं विचारायला लागले की माणूस अजून पंचेचाळिशीतला वाटतो.

“क्लच कसा लागतोय पायाला?”

“नेहमीसारखाच.”

“जळका वास?”

“नाही.”

“गेअरची दांडी ढिली पडलीय?”

“नाही. सगळे गेअर पडतायत.”

“बरं. गाडीपुढे कुणी उभं नाही ना? मग चालू कर, पहिला टाक, क्लच हळूच सोड, थोडी रेस दे आणि वेगाचा काटा बघ.”

काटा वीसवर गेला. गाडी कडेला उभी, शेजारून माणसं चालत पुढे जातायत, आणि डॅशबोर्ड सांगतोय ताशी वीस किलोमीटर.

“एक्सल गेला, चाक फिरवणारा दांडा,” अण्णा म्हणाले. “क्लचला कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि गेअरमध्ये टाकून उतरशील तर गाडी थांबायची नाही. हँडब्रेक ओढ, चाकाला दगड लाव.”

त्यांच्या पद्मिनीचा ड्राइव्ह मागच्या चाकांना, माझ्या गाडीचा पुढच्या. पण हिशेब तोच. पद्मिनीत खालून मागे जाणारा लांब शाफ्ट फिरतोय आणि गाडी उभी, म्हणजे मागचा एक्सल तुटला. शाफ्टच फिरत नाही, तर दुखणं क्लच किंवा गेअरबॉक्समध्ये. “कुठवर फिरतंय आणि कुठून पुढे फिरत नाही, एवढंच बघायचं असतं गं,” हे त्यांचं सगळं शास्त्र.

माझ्या गाडीत ताकद क्लचमधून गेअरबॉक्सला, तिथून डिफरन्शियलला आणि मग डाव्या-उजव्या एक्सलने दोन चाकांना जाते. वेगाचा सेन्सर गेअरबॉक्सवर, डिफरन्शियलपाशी. तेव्हा काटा फिरतोय याचा अर्थ तिथपर्यंत सगळं शाबूत आहे. क्लचप्लेट पार गेली असती तर काटा शून्यावरच राहिला असता. ती नुसती घसरत असती तरीही तेच, कारण गाडी उभी तर काटाही उभा. (चिखलात चाक गरगरत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डोळ्यांना दिसतं.)

आता दोन एक्सलपैकी एकच तुटला तर दुसऱ्यावर गाडी का चालू नये? मलाही हाच प्रश्न पडला होता. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरावं म्हणून डिफरन्शियल असतं, आणि जिकडे अडवणूक कमी तिकडे फिरायचं हा त्याचा स्वभाव. तुटलेल्या बाजूला अडवणूक शून्य, मग सगळं फिरणं तिकडेच. ठणठणीत चाकाच्या वाट्याला काही उरत नाही. रिक्षावाल्यांना गाडी ढकलताना जोर लागला नाही तो याच कारणाने.

जवळच्या एका गॅरेजातून माणूस आला. आवाज ऐकला आणि बोनेट न उघडता निकाल दिला: “मॅडम, क्लचप्लेट गेली. गेअरबॉक्स उतरवायला लागेल.” मी काट्याचं सांगितलं. “सेन्सर खराब असेल.” एकाच मिनिटात, एकाच आवाजासरशी, क्लच आणि सेन्सर दोन्ही खराब! कोटेशन पाठवा म्हटलं आणि टागोर नगरातल्या अण्णांच्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री आधी काही बोललेच नाहीत. डाव्या चाकाच्या मागे मोबाइलचा उजेड मारला. रिंगच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं आणि एक्सल चाकाला जोडणाऱ्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटून लोंबत होता. मला क्लच सोडायला लावून ते बाजूने वाकून बघत राहिले. “ताई, दांडा फिरतोय, चाक नाही. बाहेरचा जॉइंट गेला.” दांडाही फिरत नसता, तर तो आतल्या टोकाला गेअरबॉक्समधून निसटलेला असू शकतो, आणि कधी कधी तो नुसता परत बसवून नवा लॉक टाकला की भागतं.

गाडी पुढची चाकं उचलून त्यांच्याकडे नेली. एक्सल काढायला गेअरबॉक्स उतरवावा लागत नाही. थोडं गेअर ऑइल सांडतं, ते परत भरायचं. जॉइंट उघडला तर आतल्या सहा गोळ्या धरून ठेवणारा पिंजराच तुटलेला. ग्रीस बोटावर घेतलं तर वाळूसारखं करकरलं. बूट फाटला की पावसाचं पाणी आणि रस्त्यावरची रेती आत जाते, आणि मुंबईत दोन्हींना तोटा नाही. पूर्ण वळणावर ‘कट-कट’ ऐकू येतं ते हेच. पावसाळा संपला की स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागे एकदा उजेड मारून बघा, पैसे पडत नाहीत.

काट्याची युक्ती सगळीकडे चालेलच असं नाही. २०१९पासून नव्या गाड्यांना एबीएस (करकचून ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्यासाठी चाकांवर सेन्सर असतात, आणि कित्येक गाड्या आता वेग त्यांच्यावरूनच मोजतात, म्हणजे चाक उभं तर काटाही उभा. तिथे दांडा फिरतोय का हेच बघायचं, बाजूने आणि हात लांब ठेवून. जॅकवरच्या गाडीखाली तर मुळीच शिरायचं नाही. क्लचच्या पेडलशिवायची एएमटी गाडी असेल तर क्लच आणि गेअर यंत्रच चालवतं, त्यामुळे आधी डॅशबोर्डवर गेअरचा आकडा येतोय की न्यूट्रलचा ‘एन’ लुकलुकतोय ते बघा.

उजव्या बाजूचा बूटही चिरत आला होता, तो मिस्त्रींनी त्याच खेपेला बदलला. संध्याकाळी त्या गॅरेजचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं: क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, स्पीड सेन्सर, मजुरी वेगळी. अण्णांना वाचून दाखवलं.

“सेन्सरसुद्धा लावला?” ते म्हणाले. “म्हणजे ऐकत होता तुझं.”